दुसऱ्याच्या पायाचा सल्ला

"धावून धावून गुडघे झिजतील हो!" सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हे वाक्य ऐकायला कुणाला काही विचारावं लागत नाही. पळणारा समोरून गेला की ते आपसूक बाहेर पडतं. बोलणारा बहुधा साठीपुढचा असतो, गुडघे त्याचेच दुखत असतात आणि बस पकडण्यापलीकडे तो आयुष्यात कधी धावलेला नसतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका फिजिओथेरपीच्या नियतकालिकात या विषयावरच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. त्यात हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के निघालं, बैठ्या माणसांत १०.२ टक्के आणि वरच्या पातळीवर स्पर्धा धावणाऱ्यांत १३.३ टक्के. एवढ्यावरून धावणं हे गुडघ्यांवरचं औषध ठरत नाही. मुळात सडपातळ, धडधाकट माणसंच धावायला लागत असतील. पण कट्ट्यावरचं वाक्य अगदी हवेतलंही नाही. ते चुकीच्या माणसाला सांगितलं जातं, इतकंच.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि त्यानंतर गावोगावी धावणाऱ्यांचे ग्रुप उभे राहिले. रविवारची लांब धाव संपली की पोहे, चहा आणि सल्ले. तिसरी गोष्ट न मागता मिळते.

अशाच एका रविवारी प्रस्तुत लेखकाच्या नडगीचं दुखणं चर्चेला आलं. एकाने बर्फ सांगितला, दुसऱ्याने शेक, तिसऱ्याने बूट बदलायला लावले. ग्रुपमधला सगळ्यात अनुभवी गडी, ज्याच्या घरात मेडलं टांगायला खुंट्या पुरत नाहीत, तो म्हणाला, "मलापण झालं होतं रे. थांबलास की संपलास. हळू पळत राहा, पळता पळताच जाईल." त्याच्यापुढे कोण बोलणार? दुखणं आधी पळताना होतं, मग जिना उतरताना सुरू झालं, मग रात्री कूस बदलतानाही. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे जाणं झालं. त्यांनी आधी एवढंच विचारलं, "नेमकं कुठे दुखतं, एका बोटाने दाखवता?" दाखवता आलं. नडगीच्या आतल्या कडेवर रुपयाएवढी जागा होती. तिथे बोट टेकवलं की माणूस खुर्चीतून उठावा. एक्स-रे स्वच्छ आला. एमआरआयमध्ये हाडाला गेलेली बारीक चीर दिसली.

मेडलवाला खोटं बोलला नव्हता. त्याला झालं होतं ते शिन स्प्लिंट. त्यात नडगीच्या कडेने वीतभर लांबीत ठणका लागतो आणि धावणं कमी केलं, पोटऱ्यांना व्यायाम दिला की तो बहुतेकदा ओसरतो. लेखकाचं होतं स्ट्रेस फ्रॅक्चर. जागा तीच, सुरुवातही तशीच. पण इथे धावत राहिलं तर चीर वाढते, क्वचित हाड पुरतं मोडतंही. सुरुवातीच्या दिवसांत ती एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे ना, मग पळ' हा पुढचा सल्लाही तयारच असतो. एकाच्या पायावर खरा ठरलेला उपाय दुसऱ्याच्या पायावर चढवला, तो असा.

पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. 'तहान लागायची वाट बघू नकोस, प्रत्येक टेबलावर पाणी घे' हे नवख्या धावपटूला दहा जण सांगतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये संशोधकांनी ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीच्या शेवटी तपासलं. त्यातल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं होतं. धावताना इतकं पाणी पोटात गेलं होतं की शर्यत संपताना काहींचं वजन वाढलेलं होतं. चार तासांहून जास्त वेळ धावणाऱ्यांना हा धोका अधिक. त्याच वर्षी त्याच शर्यतीत एक तरुण धावपटू यातूनच दगावली. घामाघूम होऊन पाणी टाळावं असा याचा अर्थ नव्हे. पण तहान नसताना टेबल दिसलं म्हणून ग्लास रिचवायचा नाही, आणि धावून झाल्यावर डोकं जड, मळमळ, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर आणखी पाणी न पाजता वैद्यकीय तंबू गाठायचा.

सल्ल्यांना वयही असतं. दुखऱ्या स्नायूला विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र अमेरिकेतल्या डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केलं. २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी दुखापत भरून यायला उशीर होऊ शकतो. आपल्याकडे मैदानाकाठी अजून पहिलीच आवृत्ती चालते. रोजच्या दहा हजार पावलांचंही तसंच. तो आकडा आला १९६०च्या दशकात जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून. २०१९ मध्ये वयस्क अमेरिकन स्त्रियांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साडेसात हजारांच्या आसपास फायदा थबकलेला दिसला. सोसायटीच्या आवारात रात्री अकराला 'नऊ हजार सहाशे झाली' म्हणत फेऱ्या मारणाऱ्या काकांना हे कुणीतरी सांगायला हवं.

मग ऐकायचं कुणाचं? हुद्दा बघून हे ठरत नाही. चेन्नईतल्या हॉटेलात कॉफी घेऊन आलेल्या एका वेटरने सचिन तेंडुलकरला सांगितलं होतं की कोपराचं गार्ड घातलं की तुमची बॅट फिरवण्याची ढब बदलते. सचिनला ते स्वतःला जाणवलेलं होतं, पण त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्याने गार्ड नव्याने बनवून घेतलं आणि २०१९ मध्ये त्या माणसाचा जाहीर शोधही घेतला. वेटरकडे प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र नव्हतं, त्याने सचिनची फलंदाजी पुन्हा पुन्हा बारकाईने पाहिली होती. उलट टोकाला नामांकित गोलंदाज डेनिस लिली. वेगवान गोलंदाज व्हायला मद्रासला गेलेल्या पोरसवदा सचिनला त्यांनी फलंदाजीवरच लक्ष द्यायला सांगितलं, तेही त्याची गोलंदाजी पाहून. दोघांत साम्य एवढंच, की दोघांनी आधी समोरचा माणूस पाहिला आणि मग तोंड उघडलं.

नोकरीच्या बाबतीत तर आपला समाज सल्ल्यांनी ओसंडून वाहतो. 'सरकारी नोकरी सोडू नकोस' आणि 'धाडस केल्याशिवाय काही मिळत नाही' ही दोन्ही वाक्यं एकाच लग्नाच्या एकाच पंगतीत ऐकू येतात. महेंद्रसिंग धोनी खरगपूरला रेल्वेत टीसी होता. त्याने नोकरी सोडली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळेही रेल्वेत टीसी होता. त्याने ती सोडली नाही, सराव चालू ठेवला आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. हुद्दा तोच, निर्णय विरुद्ध, दोघांचेही बरोबर. या दोघांतल्या एकाचं उदाहरण देऊन कुणी तुमच्या राजीनाम्याचा निकाल लावत असेल, तर तुमच्या घराचा हप्ता त्याला ठाऊक आहे का, हे आधी विचारावं.

सल्ला देणाऱ्याला विचारण्यासारखं फार नसतं. हे तुम्ही स्वतः केलंत का, केव्हा, तेव्हा वय आणि वजन किती होतं, आणि जमलं नाही असं कुणी तुमच्या पाहण्यात आहे का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण अडखळतात. जो अडखळत नाही, त्याच्याजवळ थोडा वेळ बसावं.

आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी चालली असेल तर एवढं पाळाच. दुखणं एका बोटाने दाखवता येत असेल, विश्रांतीतही ठणकत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर ग्रुपमध्ये पोहे खायला जायला हरकत नाही.