कोण कोणाशी बोलते? : व्हिएतनामकालीन युद्धविरोधी गीतांतील संबोधन

युद्धविरोधी गीताचा विचार सामान्यतः त्याच्या आशयाच्या अंगाने केला जातो. गीताने कोणत्या युद्धाचा निषेध केला, तो किती उघडपणे केला आणि त्याचा जनमानसावर काय परिणाम झाला, हे प्रश्न अशा विवेचनात अग्रभागी असतात. हे प्रश्न महत्त्वाचे असले, तरी त्यांच्या उत्तरांतून गीताचे गीतपण हाती लागत नाही. निषेध पत्रकातूनही करता येतो, भाषणातूनही करता येतो. गीत मात्र दुसऱ्याने रचलेले शब्द गाणाऱ्याच्या तोंडी देते आणि त्या शब्दांतील ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’ यांची जागा त्याला काही काळ घ्यावयास लावते. म्हणून गीतात कोण बोलते आणि कोणाशी बोलते, हा प्रश्न येथे मध्यवर्ती ठरतो. व्हिएतनाम युद्धाच्या काळातील काही गीतांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१. चालीचा वारसा

ही गीते अचानक निर्माण झाली नाहीत. कामगार चळवळ, कृष्णवर्णीयांची भक्तिगीते आणि ग्रामीण लोकगीते यांच्या संगमातून अमेरिकेत चळवळीच्या गीतांची परंपरा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच आकाराला आली होती. परिचित चाल घ्यावी आणि तीवर नवे शब्द बसवावेत, हा या परंपरेचा रिवाज होता. जलसे आणि शाहिरी यांच्या मराठी अभ्यासकाला तो अपरिचित वाटणार नाही. बॉब डिलनच्या १९६३ सालच्या ‘मास्टर्स ऑफ वॉर’ची चाल ‘नॉटामन टाउन’ या जुन्या लोकगीतावरून आलेली आहे. त्याच्याच ‘ब्लोइंग इन द विंड’ची चाल गुलामगिरीच्या स्मृतीशी निगडित असलेल्या एका कृष्णवर्णीय गीतापर्यंत मागे नेता येते.

या परंपरेचा मोठा वाहक म्हणजे पीट सीगर (१९१९–२०१४). १९५५ साली अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीसमोर आपल्या राजकीय संबंधांविषयी उत्तरे देण्यास त्याने नकार दिला. त्याबद्दल १९६१ साली त्याला दोषी ठरविण्यात आले आणि १९६२ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. नभोवाणी व दूरचित्रवाणीची दारे दीर्घकाळ बंद राहिल्यामुळे महाविद्यालये, शिबिरे आणि छोटी सभागृहे हेच त्याचे व्यासपीठ झाले. श्रोत्यांनाच गायला लावणे ही त्याच्या सादरीकरणाची ओळख होती. १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेले ‘ब्रॉडसाइड’ हे चक्रमुद्रित नियतकालिक नव्या प्रासंगिक गीतांना छापील रूप देऊ लागले. गीत ऐकण्यासाठी नव्हे, तर गाण्यासाठी असते, हे गृहीतक या साऱ्यामागे होते.

२. ‘तुम्ही’ : आरोपाचे गीत

‘मास्टर्स ऑफ वॉर’मधील निवेदक एकटा आहे आणि तो शस्त्रे बनविणाऱ्यांशी व युद्धे घडविणाऱ्यांशी थेट बोलतो. गीताच्या अखेरीस तो त्यांच्या मृत्यूची इच्छा व्यक्त करतो. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, अमेरिकेच्या लढाऊ पायदळ तुकड्या मार्च १९६५ मध्ये दा नांग येथे उतरल्या. हे गीत त्याआधीचे आहे. त्याच्यामागे अण्वस्त्रस्पर्धेची आणि शीतयुद्धाची भीती आहे. आरोपाच्या संबोधनाचे सामर्थ्य निःसंदिग्धतेत असते. मात्र ते गाणाऱ्याला आपोआप निर्दोष ठरविते. ‘तुम्ही’ म्हणताच दोष समोरच्याच्या पदरात पडतो आणि गाणारा त्यातून बाहेर राहतो.

बफी सेंट-मेरीचे ‘युनिव्हर्सल सोल्जर’ (१९६४) ही विभागणी मोडून काढते. सर्व वयांचा, सर्व धर्मांचा आणि सर्व पक्षांचा सैनिक त्यात तृतीय पुरुषात येतो. परंतु त्याच्याविना कोणताही सत्ताधीश युद्ध करू शकला नसता, हे सांगून गीत अखेरीस जबाबदारी त्याच्यावर आणि आपल्या सर्वांवर आणून ठेवते. ‘तो’पासून ‘आपण’पर्यंतचा हा प्रवास गाणाऱ्याला अस्वस्थ करणारा आहे.

३. प्रश्न आणि रूपक

सीगरच्या ‘व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन’ची कल्पना त्याला शोलोखोव्हच्या डॉन नदीवरील कादंबरीतील एका कोसॅक गीतावरून सुचली. १९५५ साली त्याने तीन कडवी रचली. पुढील कडवी जो हिकरसन याने जोडली. फुले, मुली, तरुण, सैनिक, थडगी आणि पुन्हा फुले अशी या गीताची वर्तुळाकार रचना आहे. येथे शत्रू नाही, आरोपी नाही, कोणत्याही युद्धाचे नाव नाही. १९६२ साली मार्लेन डीट्रिशने ते जर्मन भाषेत गायिले, तेव्हा दोन महायुद्धांच्या स्मृती बाळगणाऱ्या समाजाला त्यात आपलाच भूतकाळ दिसू शकत होता. अनुवादातही हे गीत टिकले, यामागे त्याचे प्रश्नरूप आहे. प्रश्न ज्याला विचारला जातो, त्याला स्वतःचे उत्तर शोधावे लागते.

‘वेस्ट डीप इन द बिग मडी’ (१९६७) या गीतात सीगरने निराळा मार्ग स्वीकारला. १९४२ साली लुइझियाना राज्यात सराव करणारी एक तुकडी, खोल होत जाणाऱ्या नदीत पुढेच चला म्हणणारा कप्तान आणि त्याचे बुडणे, एवढीच ही कथा आहे. तीत व्हिएतनामचा उल्लेख नाही. तरीही सप्टेंबर १९६७ मध्ये दूरचित्रवाणी कंपनीने ते ‘स्मदर्स ब्रदर्स’च्या कार्यक्रमातून वगळले. पुढे फेब्रुवारी १९६८ मध्ये ते प्रक्षेपित झाले. तोपर्यंत ‘तेत’ आक्रमणाने युद्धाविषयीचे सरकारी आश्वासन डळमळीत केले होते. रूपकाचा अर्थ श्रोता पूर्ण करतो, याचे हे ठळक उदाहरण होय. गीत वगळण्याच्या कृतीनेच कप्तान कोण, याची कबुली दिली.

४. ‘मी’ : सैनिकाचे तोंड

फिल ऑक्सच्या ‘आय एन्ट मार्चिंग एनीमोअर’ (१९६५) मध्ये बोलणारा सैनिक १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईपासून अमेरिकेच्या प्रत्येक युद्धात सामील झालेला आहे. तो शत्रूला दोष देत नाही, स्वतःच्या सहभागाची यादी देतो आणि मग थांबतो. नकार येथे उपदेश न राहता कबुलीजबाब होतो. सक्तीच्या सैन्यभरतीच्या काळात सभेतील तरुणाने हे ‘मी’ उच्चारणे ही केवळ कलात्मक कृती नव्हती. भरतीचा कागद हाती पडताच त्याला त्याच शब्दांना जागावे लागणार होते.

कंट्री जो मॅकडोनाल्डच्या ‘फिक्सिन टु डाय रॅग’ (१९६५) या गीतात उपरोध आहे. स्वतः नौदलात नोकरी केलेला हा गायक जत्रेत आरोळी देणाऱ्याच्या थाटात तरुणांना, सेनापतींना, भांडवलदारांना आणि आईबापांना युद्धाचे आमंत्रण देतो. चाल उल्हसित आहे, विषय मरणाचा आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक येथे प्रचंड समुदायाने त्याचे ध्रुवपद उचलून धरले. १९७० सालच्या चित्रपटात तर पडद्यावर शब्द दाखवून त्यांवरून उड्या मारणारा ठिपका फिरविण्यात आला, म्हणजे चित्रपटगृहातील प्रेक्षकानेही गावे. वीररसाची सारी सामग्री येथे आहे, पण ती उलटी करून मांडलेली आहे. पोवाड्यात शौर्याचे आवाहन श्रोत्याला उंचावते; येथे तेच आवाहन हास्यास्पद होऊन श्रोत्याला मागे खेचते.

५. बाजारपेठ आणि वर्ग

त्या काळची लोकप्रिय संस्कृती सर्वस्वी युद्धविरोधी होती, हा समज मात्र दुरुस्त करावयास हवा. सप्टेंबर १९६५ मध्ये बॅरी मॅग्वायरचे ‘ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन’ अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोचले, हे खरे. परंतु १९६६ साली सैन्यातील बॅरी सॅडलरने गायिलेले, विशेष दलाचा गौरव करणारे ‘बॅलड ऑफ द ग्रीन बेरेज’ त्याच स्थानावर पाच आठवडे होते.

शिवाय युद्धाला कोण जातो, हा वर्गाचा प्रश्न होता. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना भरतीतून सवलत मिळे. श्रमिकांच्या मुलांना ती सहसा मिळत नसे. स्वतः राखीव दलात काम केलेल्या जॉन फोगर्टीने ‘फॉर्च्युनेट सन’ (१९६९) या गीतात हे शल्य मांडले. आपण धनिकाचा वा सत्ताधाऱ्याचा पुत्र नाही, असे त्यातील ‘मी’ पुनःपुन्हा सांगतो. २०२० साली डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारसभांत हे गीत वाजविले गेले, तेव्हा फोगर्टीने त्यास जाहीर हरकत घेतली. आवेश ऐकू येतो, निवेदक ऐकू येत नाही, अशा श्रवणाचा हा परिणाम होय.

मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) या ध्वनिमुद्रिकेमागे त्याचा व्हिएतनामहून परतलेला भाऊ होता. शीर्षकगीतातील संबोधन आई, भाऊ आणि वडील यांना उद्देशून आहे. आरोपाचे ‘तुम्ही’ जाऊन नात्यांची हाक आली, आणि युद्ध रणभूमीवरून घरात आले.

६. अनुपस्थित श्रोता

आतापर्यंत पाहिलेल्या गीतांत एक उणीव समान आहे. त्यांतील ‘मी’ अमेरिकन, ‘तुम्ही’ अमेरिकन आणि मरणाराही बहुधा अमेरिकन आहे. ज्यांच्या भूमीवर बाँब पडत होते, तो व्हिएतनामी माणूस या संवादात ना वक्ता आहे, ना श्रोता.

त्याचा आवाज ऐकावयाचा, तर त्रिन्ह काँग सन (१९३९–२००१) या दक्षिण व्हिएतनामी गीतकाराकडे वळावे लागते. खान्ह ली या गायिकेच्या कंठातून त्याची गीते सायगावात आणि रणभूमीवरील सैनिकांत पसरली. ती लढण्याची इच्छा खच्ची करतात, या भावनेने दक्षिणेच्या शासनाने १९६९ साली त्यांवर बंदी घातली. १९७५ नंतरच्या राजवटीनेही त्याच्याकडे प्रथम संशयानेच पाहिले. त्याच्या एका गीतात आई मृत सैनिक मुलाला अंगाई गाते. अंगाईतील हाक ज्याला उद्देशून आहे, तो ती ऐकू शकत नाही, हे या रचनेतील करुणाचे मर्म आहे.

डिसेंबर १९७२ मध्ये जोन बाएझ हानोई येथे असताना शहरावर तीव्र बाँबवर्षाव झाला. युद्धखर्चाच्या प्रमाणात आयकर भरण्यास १९६४ पासून नकार देणाऱ्या आणि १९६७ साली भरती केंद्रासमोर अटक झालेल्या या गायिकेने तेथील भोंगे, स्फोट आणि माणसांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. १९७३ सालच्या ‘व्हेअर आर यू नाऊ, माय सन?’ या दीर्घ रचनेत ते अंतर्भूत आहेत. शीर्षकातील प्रश्न आपल्या मुलाला शोधणाऱ्या एका व्हिएतनामी आईचा आहे. अमेरिकन गायिकेने येथे स्वतःचा ‘मी’ मागे घेऊन दुसऱ्या बाजूच्या आईला बोलू दिले. एकमेकांशी युद्धरत असलेल्या दोन समाजांतील गीते एकाच संबोधनापाशी, आईने मुलाला घातलेल्या हाकेपाशी, येऊन थांबतात.

समारोप

या गीतांनी युद्ध थांबविले काय, या प्रश्नाचे उत्तर साहित्याच्या अभ्यासातून देता येणार नाही. पॅरिसचा करार १९७३ मध्ये झाला आणि युद्ध १९७५ मध्ये संपले. त्यामागील कारणे अनेक होती. गीतांनी काय केले, ते मात्र सांगता येते. सैनिक, कप्तान, आई, धनिकपुत्र अशा भूमिकांत गाणाऱ्याला उभे करून युद्धाशी असलेले त्याचे नाते त्यांनी त्याच्याच तोंडून वदविले. आरोपाकडून कबुलीकडे आणि कबुलीकडून दुसऱ्याच्या दुःखाकडे, असे त्यांतील संबोधनाचे सरकणे दाखविता येते. हे सरकणे कालक्रमाने घडले असे नव्हे. ते संबोधनाच्या भिन्न शक्यतांचे आहे.

चळवळीचे गीत वर्गात शिकविताना, मग ते शाहिरीतील असो वा परभाषेतील, केवळ संहितेचा आशय सांगून थांबणे म्हणूनच अपुरे ठरते. चाल कोठून आली, ध्रुवपद कोणी उचलले, त्यातील ‘आम्ही’मध्ये कोण सामावले आणि कोण बाहेर राहिले, हे प्रश्न विचारल्याखेरीज अशा गीताचे वाचन पूर्ण होत नाही.