सतलजपासून बियासपर्यंत : हिमाचल प्रदेशातील एका प्रवासाची आखणी

प्रवासाला निघणारा मनुष्य प्रथम नकाशा उघडतो आणि अंतरे मोजू लागतो. सपाट प्रदेशात ही पद्धत चुकीची नाही. तेथे तीनशे किलोमीटर म्हणजे एका दिवसाचा प्रवास, हा हिशेब बहुधा जुळतो. हिमाचल प्रदेशाच्या उत्तर व पूर्व भागात मात्र तो जुळत नाही. तेथे दीडशे किलोमीटरांना अख्खा दिवस लागतो आणि कधीकधी तोही पुरत नाही. शिवाय नकाशाच्या कागदावर जी गोष्ट सहसा नजरेस येत नाही ती, म्हणजे उंची, तेथे सर्वांत महत्त्वाची ठरते. म्हणून या राज्यातील मोटारप्रवासाची आखणी अंतरांवरून करावयाची नसून मुक्कामांच्या उंचीवरून करावयाची असते. हे तत्त्व एका प्रत्यक्ष मार्गाच्या आधारे समजावून देणे हा या प्रकरणाचा उद्देश आहे.

मार्गाचे स्वरूप

२५ जानेवारी १९७१ रोजी हिमाचल प्रदेशाला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला. ५५,६७३ चौरस किलोमीटरांच्या या राज्यात सफरचंदांच्या बागा, देवदारांची अरण्ये आणि झाडाचे पानही न दिसणारे शीत वाळवंट या तिन्ही गोष्टी आहेत. त्या एकाच फेरीत पाहावयाच्या असतील तर शिमल्याहून निघून सतलज नदीच्या काठाने किन्नौरमध्ये जावे, तेथून स्पीतीच्या खोऱ्यात शिरावे, कुंझुम खिंड ओलांडून लाहौलमध्ये उतरावे, मनालीला यावे आणि बियासच्या काठाने दक्षिणेकडे वळून जलोरी खिंडीतून पुन्हा शिमल्याला पोहोचावे. असे एक पूर्ण वर्तुळ तयार होते.

वर्तुळ म्हटले की ते कोणत्याही बाजूने सुरू करता येईल असे वाटते. पुष्कळ प्रवासी मनालीकडून आरंभ करतात, कारण तिकडून काझा हे स्पीतीचे मुख्य गाव दोनशे किलोमीटरांच्या आत आहे. पण मनाली सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे, कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरांहून अधिक उंच आहे आणि काझाची उंची सुमारे ३,६५० मीटर आहे. म्हणजे सकाळी निघालेला प्रवासी त्याच रात्री आदल्या रात्रीपेक्षा दीड हजार मीटरांहून अधिक उंचीवर झोपतो. सतलजच्या बाजूने गेल्यास हीच चढण आठवडाभरात विभागली जाते. लांबचा रस्ता येथे सुरक्षित रस्ता आहे.

उंचीचा शरीरावर होणारा परिणाम

समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, परंतु हवाच विरळ झाल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर कमी प्राणवायू फुप्फुसात जातो. काझा येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. शरीर या स्थितीशी जुळवून घेते, पण त्याला काही दिवस लागतात. श्वास जलद होतो आणि पुढे रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. हा अवधी न दिल्यास डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि निद्रानाश ही लक्षणे दिसू लागतात. मनुष्य तरुण आहे की वृद्ध, सशक्त आहे की अशक्त, यावरून त्याला हा त्रास होईल किंवा नाही हे सांगता येत नाही. किंबहुना धट्टाकट्टा तरुणच दुखणे अंगावर काढतो आणि अधिक संकटात सापडतो.

यासंबंधी वैद्यकशास्त्राने घालून दिलेला नियम सोपा आहे. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा दररोज पाचशे मीटरांहून अधिक उंच नसावी आणि तीनचार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विसावा घ्यावा. दिवसा अधिक उंचीवर जाऊन रात्री खाली परतण्यास हरकत नाही. डोके दुखू लागल्यास आणखी वर जाऊ नये. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली तर, रात्र असली तरी, रुग्णाला ताबडतोब खाली न्यावे. खाली उतरणे हाच त्यावरील मुख्य उपाय होय.

मुक्कामांचा तक्ता

या नियमानुसार मुक्काम पुढीलप्रमाणे ठरविता येतील. उंचीचे आकडे स्थूलमानाने दिले आहेत.

पहिली रात्र : नारकंडा, २,७०० मीटर
दुसरी रात्र : सराहन, २,२०० मीटर
तिसरी व चौथी रात्र : सांगला, २,७०० मीटर
पाचवी रात्र : कल्पा, २,९५० मीटर
सहावी व सातवी रात्र : ताबो, ३,३०० मीटर
आठवी, नववी व दहावी रात्र : काझा, ३,६५० मीटर
अकरावी रात्र : चंद्रतालाजवळील तंबूंचा तळ, ४,२०० मीटर
बारावी रात्र : मनाली, २,००० मीटर
तेरावी रात्र : तीर्थन खोरे, १,६०० मीटर
चौदावा दिवस : जलोरी खिंडीतून शिमला

या चौदा दिवसांत आणखी दोन दिवस मिळवावेत आणि त्यांच्यापुढे कोणत्याही स्थळाचे नाव लिहू नये. त्यांचा उपयोग पुढे सांगितला आहे.

सतलजचे खोरे

शिमल्याहून निघणारा रस्ता हा जुन्या हिंदुस्थान-तिबेट मार्गाचा वारस आहे. या मार्गाचे काम लॉर्ड डलहौसीच्या काळात १८५० मध्ये सुरू झाले. नारकंडा येथे मुक्काम केल्यास देवदारांच्या वनातून हाटू शिखरापर्यंत चालत जाता येते. जवळच्या कोटगढ भागात सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सफरचंदाच्या नव्या जातींची लागवड केली. पुढे ते येथलेच झाले आणि सत्यानंद या नावाने ओळखले गेले. आज या टापूचे अर्थकारण त्या झाडांवर उभे आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सफरचंदांच्या मालमोटारींची रस्त्यावर रांग लागते, हेही आखणी करताना ध्यानात घ्यावे.

सराहन येथील भीमाकाली मंदिर दगड आणि लाकूड यांचे थर एकावर एक रचून बांधलेले आहे. त्यानंतर रस्ता कातळ खोदून काढलेला आहे. कित्येक ठिकाणी डोक्यावर खडकाचे छत आणि खाली सतलजची घळ असते. करछम येथे बस्पा नदी सतलजला मिळते. तेथून वर चढल्यावर सांगलाचे रुंद खोरे लागते. सांगलाहून एक दिवस छितकुलला जाऊन परत यावे. सुमारे ३,४५० मीटर उंचीवरील या गावी बस्पाच्या काठाने चालणे हा पुढील चढाचा उत्तम सराव आहे.

कल्पा येथून समोर किन्नर कैलासाची हिमाच्छादित रांग दिसते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान या भागात ऑक्टोबर १९५१ मध्येच, म्हणजे देशातील बहुतेक मतदारसंघांच्या आधी घ्यावे लागले, कारण पुढे हिमवर्षावाने वाटा बंद झाल्या असत्या. ज्या राज्यात निवडणुकीलाही हवामानाकडे पाहून तारीख ठरवावी लागली, तेथे प्रवाशाने आपल्या रजेचा आग्रह धरणे योग्य नव्हे.

स्पीती

खाब येथे स्पीती नदी सतलजला मिळते. येथून पुढे झाडे संपतात. वाटेत नाको हे तळ्याकाठचे सुंदर गाव सुमारे ३,६५० मीटरांवर आहे. तेथे मुक्काम करण्याचा मोह होतो, परंतु कल्पाहून एकदम नाकोला झोपणे म्हणजे एका दिवसात सातशे मीटरांची वाढ होय. म्हणून नाकोला दुपारी थांबावे, तळ्याभोवती फिरावे आणि पुढे ताबोला उतरून झोपावे. तक्त्याचा उपयोग असा होतो.

ताबो येथील मठाची स्थापना ९९६ मध्ये झाली. बाहेरून तो मातीच्या साध्या भिंतींचा समूह दिसतो. आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास थोडा वेळ द्यावा लागतो. मग भित्तिचित्रे आणि भिंतींना जोडलेल्या मृण्मय मूर्ती हळूहळू प्रकट होतात. आत छायाचित्रे घेण्यास मनाई आहे आणि ती पाळावी. १९७५ च्या भूकंपात या परिसराची हानी झाली होती, तरीही हजार वर्षांची ही पूजापरंपरा चालू आहे. दुसऱ्या दिवशी स्पीती व पिन या नद्यांच्या संगमावर कड्याच्या टोकाशी असलेला धनकरचा मठ पाहून ताबोला परतावे.

काझा येथे तीन रात्री ठेवल्या आहेत, त्या चैनीसाठी नव्हेत. दिवसा की मठ, किब्बर, लांगझा आणि हिक्किम ही चार हजार मीटरांच्या वरची स्थळे पाहून रात्री खाली यावयाचे आहे. लांगझाच्या परिसरात प्राचीन सागरातील प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. हिमालय उंचावण्यापूर्वी येथे समुद्र होता, याची ती साक्ष होय. ती जागेवरच राहू द्यावी. जीवाश्म विकत घेऊ नयेत व उचलून नेऊ नयेत. चंद्रतालाजवळचा तळ काझाहून साडेपाचशे मीटर उंच आहे, म्हणजे मर्यादेच्या किंचित पलीकडे. काझाच्या तीन रात्रींनी ही त्रुटी बरीचशी भरून निघते. ज्याला काझा येथेही बरे वाटत नसेल त्याने तळावर न राहता थेट खाली लाहौलमध्ये जावे. पण खिंड ओलांडण्याइतकीही प्रकृती नसेल तर आल्या वाटेने ताबोकडे उतरावे.

ऋतू आणि दिवसाची वेळ

कुंझुम खिंड साधारणतः मेअखेर किंवा जूनमध्ये खुली होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंद होते. स्पीती पर्जन्यछायेत असल्यामुळे पावसाळ्यात तेथे जावे असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो अपुरा आहे. स्पीतीत पाऊस अल्प असला तरी तेथे पोहोचण्याचा रस्ता रामपूर आणि कुलू या पावसाळी भागांतून जातो. २०२१ मध्ये किन्नौरमध्ये, २५ जुलै रोजी बटसेरीजवळ आणि ११ ऑगस्ट रोजी निगुलसरीजवळ, डोंगरावरून शिळा व दरडी कोसळून वाहनांतील अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. जुलै २०२३ मध्ये पुराने कुलू-मनालीचा रस्ता जागोजागी वाहून गेला आणि त्याच सुमारास अवेळी झालेल्या हिमवर्षावाने चंद्रतालाजवळ सुमारे तीनशे लोक अडकून पडले होते. म्हणून जूनचा पूर्वार्ध किंवा, त्याहून उत्तम, सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडावा. कुलूजवळ बियासच्या पात्रात होणारा तराफ्यांचा प्रवास आणि डोंगरउतारावरील छत्रीउड्डाण हेही राज्यात १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात बंद ठेवले जातात. तेव्हा या हौशींसाठीही हाच काळ सोयीचा ठरतो.

ऋतूइतकीच दिवसाची वेळ महत्त्वाची आहे. बातल ते ग्राम्फू या खडबडीत टप्प्यात अनेक ओढे रस्त्यावरून वाहतात. त्यांत वितळलेल्या बर्फाचे पाणी असते. रात्रीच्या थंडीने वितळणे मंदावते, म्हणून सकाळी पाणी घोट्याएवढे असते. उन्हे चढली की तेच दुपारनंतर गुडघ्यावर येते. हा टप्पा पहाटे निघून दुपारपूर्वी पार करावा. पुढे ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या, नऊ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून रोहतांग खिंड न चढता मनालीला पोहोचता येते.

वाहन आणि परतीचा मार्ग

इंधन रामपूर, रेकाँग पिओजवळ आणि काझा येथे न चुकता भरावे, कारण काझा ते मनाली या दरम्यान वाटेवर ते मिळेल असे गृहीत धरता येत नाही. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. उतरताना खालच्या गियरमध्ये चालवावे, केवळ ब्रेकवर विसंबू नये. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. ज्यांच्यापाशी वाहन नाही त्यांनी निराश होऊ नये. राज्य परिवहनाच्या बसगाड्या रेकाँग पिओहून काझापर्यंत जातात आणि त्यांचे चालक या रस्त्याचे खरे जाणकार आहेत.

मनालीहून परतताना औटजवळ मुख्य रस्ता सोडून तीर्थन खोऱ्यात शिरावे. तेथून २०१४ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित झालेल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीपर्यंत पायी जाता येते. शेवटच्या दिवशी जलोरी खिंडीत वाहन उभे करून ओकवृक्षांच्या वनातून सेरोलसर तळ्यापर्यंत सुमारे पाच किलोमीटर चालावे. तेव्हा पायांना जाणवते की, पहिल्या दिवशी हाटूवर लागलेली धाप आता लागत नाही.

राखीव दिवसांविषयी

आता त्या दोन रिकाम्या दिवसांचा उलगडा करावयाचा. वर सांगितलेले सर्व नियम प्रवाशाला ठाऊक असतात, तरीही ते मोडले जातात. आणि त्याचे कारण बहुधा अज्ञान नसून परतीचे तिकीट असते. दरड पडलेली असते, डोके दुखत असते, ओढ्याला पाणी चढलेले असते. परंतु परवा शिमल्याला पोहोचलेच पाहिजे म्हणून मनुष्य पुढे जातो. हाताशी दोन दिवस असतील तर तो थांबू शकतो. ते दिवस खर्ची पडले नाहीत तर सांगलाच्या नदीकाठी किंवा तीर्थनच्या रानात सुखाने घालविता येतील. खर्ची पडले तर, ज्या स्थळांची नावे त्यांच्यापुढे लिहिता आली असती त्या सर्वांहून त्यांचे मोल अधिक ठरेल.