जाड लॅब्राचा मालक दुकानात आला, तर कोणती बॅग द्याल?

पेट शॉप किंवा डॉग फूडची एजन्सी सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी आजचा धडा आहे. व्हिडिओत हिशेब पटापट गेला असेल, म्हणून इथे सावकाश लिहितोय. वही आणि कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

तुमच्या काउंटरवर हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी येणार: "आमचा लॅब्रा फार सुटलाय हो, बारीक व्हायचं काहीतरी द्या." बहुतेक दुकानदार मागे वळतात, 'लाइट' किंवा 'वेट कंट्रोल' छापलेली सगळ्यात महाग बॅग काढतात आणि बिल करतात. दोन महिन्यांनी कुत्रा तेवढाच जाड असतो. मालक म्हणतो, त्या दुकानातला माल काही कामाचा नाही. गिऱ्हाईक गेलं, आणि ते एकटं जात नाही. कुत्रेवाल्यांचे सकाळी फिरायचे ग्रुप असतात हे विसरू नका.

बॅगेच्या पुढच्या बाजूचे शब्द विसरा. अमेरिकेत कोरड्या डॉग फूडवर 'लाइट' लिहायचं असेल तर किलोमागे ३१०० कॅलरींची मर्यादा आहे (कॅलरी म्हणजे इथे किलोकॅलरी, आपण बोलतो तीच). आपल्या शेल्फवरच्या बॅगेवर तो शब्द दिसला म्हणून हेच माप धरू नका. 'ग्रेन-फ्री' म्हणजेही कमी कॅलरी नव्हे. धान्य काढून फॅट वाढवलेलं असेल तर उलट जास्तच.

बॅग उलटी करा. मागे प्रोटीन, फॅट, फायबर आणि मॉइश्चर यांची टक्केवारी असते. काही कंपन्या किलोमागे कॅलरी सरळ छापतात. तसं असेल तर तोच आकडा घ्या. नसेल तर आपण काढायचा. प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर आणि राख, म्हणजे 'अॅश', यांची बेरीज शंभरातून वजा केली की कार्बोहायड्रेट उरतात. राख छापलेली नसेल तर ८ धरा. मग प्रोटीन गुणिले ३.५, फॅट गुणिले ८.५, कार्ब गुणिले ३.५. तिन्हींची बेरीज म्हणजे शंभर ग्रॅममधल्या कॅलरी. लेबलवरचे आकडे 'किमान' आणि 'कमाल' असे असतात, त्यामुळे उत्तर अंदाजे येतं. पण दोन बॅगांची तुलना करायला ते पुरेसं आहे.

उदाहरण करून बघू. साधी अॅडल्ट बॅग: प्रोटीन २६, फॅट १६, फायबर ४, मॉइश्चर १०, राख ८. कार्ब उरले ३६. म्हणजे ९१ अधिक १३६ अधिक १२६, एकूण ३५३. आता वेट कंट्रोलची बॅग: प्रोटीन ३०, फॅट ९, फायबर १०, मॉइश्चर १०, राख ८. कार्ब ३३. उत्तर २९७. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण कंपन्या रेसिपी बदलतात. तुमच्या शेल्फवरच्या प्रत्येक बॅगेचा आकडा तुम्हीच काढायचा आणि रॅकवर पट्टी चिकटवायची. एका दुपारचं काम आहे.

आता कुत्र्याकडे या. त्याला किती लागतं? जनावरांचे डॉक्टर वापरतात ते सूत्र ऐकायला अवघड वाटतं, पण रूटचं बटण असलेल्या साध्या कॅल्क्युलेटरवर होतं. कुत्र्याचं असायला हवं ते वजन घ्या, आजचं नको. ते तीनदा गुणा, दोनदा वर्गमूळ काढा, ७० ने गुणा. लॅब्रा आज ३६ किलोचा आहे आणि ३० चा हवा आहे असं धरू. ३० गुणिले ३० गुणिले ३०, म्हणजे २७०००. एकदा रूट, १६४.३. परत रूट, १२.८. गुणिले ७०, साधारण ९०० कॅलरी. वजन उतरवताना दिवसाची सुरुवात इथून करतात.

हे ९०० साध्या बॅगेतून द्यायचे तर २५५ ग्रॅम, वेट कंट्रोलमधून द्यायचे तर ३०३ ग्रॅम. फरक फक्त ४८ ग्रॅमचा, जेमतेम एक मूठ. म्हणजे बॅग बदलून अर्धंच काम होतं. घरी जर 'दोन वाट्या' म्हणून अंदाजाने ४०० ग्रॅम पडत असेल, तर तुमची महाग बॅगसुद्धा जवळजवळ १२०० कॅलरी देणार.

मग वेट कंट्रोल विकायचंच कशाला? कारण आहे, आणि ते गिऱ्हाइकाला सांगता आलं पाहिजे. साधंच फूड कापत गेलो तर कॅलरीबरोबर प्रोटीन, खनिजं, सगळंच कापलं जातं. चरबी उतरायची त्याऐवजी स्नायू उतरतात. वेट कंट्रोलच्या बॅगेत तेवढ्याच कॅलरीत प्रोटीन जास्त बसतं, आणि फायबरमुळे पोट भरल्यासारखं वाटतं. म्हणून दोन बॅगांत निवड करताना कमी कॅलरीची बघाच, पण प्रोटीन घसरलेलं नाही ना हेही बघा. फॅट कमी आणि प्रोटीनही कमी, नुसता भुसा भरलेला, अशी बॅग मी तरी सुचवणार नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: फायबर वाढलं की शी जास्त होते. नाही सांगितलं तर चौथ्या दिवशी तक्रार घेऊन येतील. आणि फूड एकदम बदलू नये. जुन्यात नवं मिसळत सात ते दहा दिवसांत पूर्ण बदलायचं.

आता खरी मेख. मालकाला विचारा, "फूडशिवाय दिवसभरात काय काय जातं त्याच्या पोटात?" पहिलं उत्तर येतं, काही नाही. मग हळूच बाहेर पडतं: आजी चहाबरोबर बिस्किटं देतात, बाबा जेवताना पोळी टाकतात, मुलं ट्रीट देतात. एक मध्यम पोळी साधारण १०० कॅलरीची, तूप लावलं तर जास्त. छोट्या कुत्र्यांचं तर विचारूच नका. ८ किलोच्या स्पिट्झचा हिशेब याच सूत्राने केला तर सुमारे ३३० येतात. त्याला एक पोळी म्हणजे दिवसाच्या जेवणाचा जवळपास तिसरा हिस्सा! वरचं सगळं मिळून एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसलं पाहिजे. आपल्या लॅब्राला ९० कॅलरी वरखाऊसाठी, उरलेल्या ८१० बॅगेतून, म्हणजे वेट कंट्रोलचे साधारण २७० ग्रॅम. आजीचं मन मोडू नका. या २७० मधलेच वीस-तीस दाणे सकाळी वेगळ्या डब्यात काढून आजींच्या हाती द्या म्हणावं. प्रेमही होतं, हिशेबही राहतो.

"पण त्याला सतत भूक लागते हो!" हेही येणार. लॅब्राच्या बाबतीत हे लाड नाहीत. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकात बदल असतो, आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते. मालकाला हे सांगितलं की त्याचा अपराधीपणा जातो आणि तो ऐकतो.

कुत्रा जाड आहे की नुसता केसाळ, हे काउंटरवर कसं ठरवायचं? बरगड्यांवर हात फिरवा. हाताच्या पालथ्या बाजूला जशी हाडं लागतात तशा लागल्या तर ठीक. दाबून शोधाव्या लागल्या तर वजन जास्त. वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. मात्र केस गळतायत, पाणी फार पितोय, सुस्त पडून असतो, पोटच अचानक फुगलंय, असं काही ऐकलं तर बॅग विकू नका, डॉक्टरांकडे पाठवा. थायरॉइड असू शकतं. पिल्लू आणि गाभण मादी यांचं वजन उतरवायचा विषयच काढायचा नाही. 'व्हेटरनरी डाएट'च्या बॅगा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका.

आता तुमच्या गल्ल्याचा प्रश्न. आधी रोज ४०० ग्रॅम खाणारा कुत्रा आता २७० खाणार. म्हणजे माल तिसऱ्या हिश्शाने कमी जाणार. हे खरं आहे, मी लपवत नाही. पण दुसरी बाजू बघा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुरिनाच्या अभ्यासात ४८ लॅब्राडॉर आयुष्यभर पाळले होते. त्यातल्या अर्ध्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. त्यांचं आयुष्य मध्यमानाने १३ वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं ११.२. जवळजवळ दोन वर्षं, तीही त्याच घरात तुमची बॅग जाण्याची. आणि मालकासाठी ती दोन वर्षं काय असतात, ते कुत्रा पाळलेल्याला विचारा.

म्हणून पहिल्यांदा १० किलोची बॅग गळ्यात मारू नका. ३ किलोची द्या, ती ११ दिवस पुरेल. गोणीतलं सुटं फूड तर या गिऱ्हाइकाला अजिबात नको. लेबल हरवतं, तारीख कळत नाही, उघड्यावर फॅट खवट होतं. बॅगेबरोबर एक कार्ड द्या: कुत्र्याचं नाव, आजचं वजन, हवं ते वजन, रोजचे ग्रॅम. घरात किचनचा वजनकाटा नसेल तर २७० ग्रॅम दुकानात मोजून त्यांच्याच वाटीवर मार्करने रेघ मारून द्या.

वजन दर दोन आठवड्यांनी. मालकाने कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी. ३६ किलोवाल्याला उचलवणार नाही, म्हणून दुकानात एक सपाट मोठा काटा ठेवा. त्या निमित्ताने गिऱ्हाईक पंधरा दिवसांनी परत दारात येतं. आठवड्याला एक ते दोन टक्के उतरलं, म्हणजे या लॅब्राचं साडेतीनशे ते सातशे ग्रॅम, तर बरोबर चाललंय. सहा किलो उतरायला तीन-चार महिने लागतील, हे पहिल्याच दिवशी सांगा. त्याहून वेगाने उतरत असेल तर थोडं वाढवा. महिनाभरात काटा हललाच नाही, तर आधी घरात परत विचारा की पोळी कोण देतंय. सगळे नाही म्हणाले, तर फूड आणखी कापायच्या आधी डॉक्टरांचा नंबर द्या.