लाकडाला तेल देताना

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले, तेव्हा घराघरांतील लाकडी सामान चिखलात बुडाले. पाणी ओसरल्यावर ओळखीच्या कुटुंबांकडून आमच्या काष्ठशाळेत दुरुस्तीसाठी काही वस्तू आल्या. सनमायका लावलेल्या प्लायवूडच्या कपाटांचे थर सुटून पुस्तकाच्या पानांसारखे उघडले होते. त्यांचे आम्हांला काही करता आले नाही. साग आणि फणस यांच्या अखंड लाकडाच्या जुन्या पेट्या, पाट आणि एक देव्हारा मात्र स्वच्छ धुऊन, सावलीत काही आठवडे वाळवून पुन्हा उभे करता आले. त्यांवर कोणता हात द्यावा, हा प्रश्न तेव्हा विद्यार्थ्यांनीच विचारला. त्या निमित्ताने आम्ही जे शिकलो व शिकवले, ते येथे मांडत आहोत.

लाकडाला तेल म्हणजे हाताशी असेल ते तेल, अशी समजूत आपल्याकडे सर्वत्र आढळते. आम्हीही प्रारंभी एका आंब्याच्या पेटीला खोबरेल चोळले होते. दोन दिवस ती सुरेख दिसली. श्रावणात तिच्यावर पांढरी बुरशी आली आणि आतील कपड्यांना तेलाचे डाग पडले ते निराळेच. याचे कारण तेलाच्या घडणीत आहे. काही तेले हवेतील प्राणवायू शोषून घेतात, त्यांचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि द्रवाचा चिवट पापुद्रा बनतो. पाण्यासारखे उडून जाणे म्हणजे हे वाळणे नव्हे. वाळताना अशा तेलाचे वजन उलट थोडे वाढते. जवस, अक्रोड आणि चीनमधील टुंग ही वाळणारी तेले. करडई व सूर्यफूल अर्धवट वाळतात. खोबरेल, शेंगदाणा आणि एरंडेल कधीच वाळत नाहीत. हा भेद आयोडीन मूल्याने मोजतात: जवसाचे मूल्य साधारणतः १७० च्या वर, तर खोबरेलाचे १० च्या आसपास.

वर्गात याचा प्रयोग सोपा आहे. काचेच्या तुकड्यांवर निरनिराळ्या तेलांचा पातळ थर देऊन ते उजेडात ठेवावेत व रोज बोटाने पाहावे. मुलांना व्याख्या विसरते, पण कोणती काच चिकट राहिली हे विसरत नाही.

आम्ही जवस निवडतो, कारण ते विदर्भात पिकते, बाजारात मिळते आणि क्रिकेटची बॅट ज्याने जपली असेल त्याला त्याचा वास ठाऊक असतो. ते दोन रूपांत येते. कच्चे तेल वाळायला अनेक दिवस घेते. ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणारे तेल साधारण एका दिवसात वाळते, कारण त्यात बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. म्हणून पोळपाट, लाटणे, रवी यांना आम्ही कच्चे, खाण्यायोग्य जवसाचे तेलच देतो आणि वस्तू पूर्ण वाळेपर्यंत वापरू देत नाही. कोकणात वाशांना व होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल देण्याची रीत आहे. ते टिकाऊ खरे, पण अंगाला लागले तर कातडी भाजल्यासारखी उतते. मुलांच्या हाती ते आम्ही देत नाही.

लाकडाचा स्वभावही पाहावा लागतो. सागाच्या अंगी स्वतःचेच तेल असते, त्यामुळे वरून दिलेले तेल सावकाश वाळते. आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने तो पुसून घेणे बरे. शिसवातील द्रव्ये तर तेल वाळण्याच्याच आड येतात. फणसाचा पिवळा रंग तेलाने खुलतो आणि पुढे उजेडाने तपकिरी होत जातो. आंब्याचे लाकूड तेल भरपूर पिते. मात्र किडीपासून किंवा वाळवीपासून त्याला तेलाने संरक्षण मिळत नाही, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे.

कृती अशी. रंधा मारून झाल्यावर १२०, १८० व २२० क्रमांकाचा पॉलिश पेपर रेषेच्या दिशेने फिरवावा. ओलसर फडक्याने पुसल्यावर जे तंतू उभे राहतात, ते वाळल्यावर पुन्हा हलकेच घासावेत. पहिल्या हातासाठी तेल आणि टर्पेंटाइन समभाग घ्यावे. सुती फडक्याने सढळ लावावे, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि मग वर राहिलेले तेल पूर्णपणे पुसून काढावे. आमच्या अनुभवात बहुतेकांचे काम बिघडते ते येथेच. चकाकी यावी म्हणून जाड थर ठेवला की वरचा पापुद्रा वाळतो, आतील तेल ओलेच राहते आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. फळीच्या टोकाची बाजू अधिक तेल शोषते, तेथे दोनदा द्यावे. पुढील दोन-तीन हात निखळ तेलाचे व अगदी पातळ. प्रत्येकाआधी मागील हात वाळलेला हवा.

पोलादपुरात आषाढ-श्रावणात हे काम करूच नये. हवा दमट, लाकूड फुगलेले, तेल आठवडाभर चिकट. दिवाळी ते होळी हा आमचा हंगाम. तेलाने लाकडाचे फुगणे-आकसणे मंदावते, थांबत नाही; म्हणून दार बसवताना फट ठेवावीच लागते. पावसात उघड्यावर राहणाऱ्या वस्तूला तर दरवर्षी एक हात पुन्हा द्यावा लागतो. फ्रेंच पॉलिशवर ओला पेला ठेवला तर पांढरा डाग उमटतो. तेलाच्या कामावर ओरखडा पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल देता येते. गरिबाच्या घरात ही सोय लहान नाही.

एक गोष्ट आम्ही पहिल्याच तासाला सांगतो. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते. ढिगाऱ्यातून ती बाहेर पडत नाही आणि कापूस आपोआप पेटतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका ३८ मजली इमारतीला लागलेली आग अशाच जवसाच्या तेलाच्या फडक्यांतून सुरू झाली आणि तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. आमच्याकडेही एकदा पोत्याखाली राहिलेला बोळा हाताला चटका बसेल इतका तापलेला सापडला होता. वसतिगृहाच्या भिंतीला लागूनच काष्ठशाळा आहे, हे तेव्हा प्रथमच जाणवले. तेव्हापासून प्रत्येक फडके दोरीवर एकेरी पसरून वाळवले जाते, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात जाते. आणि संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी फडकी मोजण्याचे काम आळीपाळीने एका विद्यार्थ्याकडे असते.