भाजी कोण घेणार?



मतिमंद मुलाची शाळा साधारणपणे अठराव्या वर्षी संपते. त्यापुढचा काळ आपल्या या औद्योगिक पट्ट्यातील घरांना फार जड जातो. वडील पहिल्या पाळीला गेलेले, आईही कुठे कामाला, धाकटी भावंडे कॉलेजात, आणि दोन खोल्यांच्या घरात दिवसभर टीव्हीसमोर बसलेला बावीस-पंचवीस वर्षांचा मुलगा. शाळेत त्याला बरेच काही शिकवलेले असते. पण सकाळी उठून जावे असे ठिकाण आता त्याला उरलेले नसते. आईवडिलांच्या मनात मात्र एकच प्रश्न घोळत असतो: आमच्यामागे याचे काय?

या प्रश्नाला उत्तर म्हणून जगभरात अनेकांनी मातीचा आधार घेतला. व्हिएन्नाहून हिटलरच्या छळामुळे परागंदा झालेले डॉ. कार्ल कोनिग यांनी १९४० मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीनजवळ कॅम्पहिलची वसाहत उभी केली. तेथे मतिमंद व्यक्ती आणि त्यांचे सोबती एकत्र राहतात आणि बाग, शेत व घरकाम एकत्रच करतात. आपल्या जवळ मुळशी तालुक्यात कोळवण खोऱ्यातील ‘साधना व्हिलेज’ आणि हिंजवडीशेजारी मारुंजी येथील ‘नवक्षितिज’ या संस्था मतिमंद प्रौढांना घर देत आहेत. अशी एखादी लहान बाग आपल्या भागातही असावी, असे काही पालकांना वाटते. म्हणून अशी संस्था कशी चालते आणि नेमकी कुठे अडते, याचा आज थोडा अभ्यास करू या.

अडते ती बहुतेक वेळा बागेत नव्हे, तर बाजारात. हे समजून घेण्यासाठी आनंदवनाची सुरुवात पाहावी लागेल.

वरोऱ्याचे वकील मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांनी कुष्ठरोग्यांची सेवा पत्करली तेव्हा ते आधी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन उपचार शिकून आले. तोपर्यंत डॅप्सोन हे औषध आलेले होते. रोग बरा होऊ लागला होता, पण बरा झालेला माणूस घरी परत घेतला जात नव्हता. औषधाने जंतू मरत होते, माणूस मात्र रस्त्यावरच राहत होता. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ सरकारने दिलेल्या पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर बाबा, साधनाताई, त्यांची दोन लहान मुले आणि सहा रुग्ण राहायला गेले. सोबत एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. विनोबा भावे यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. पहिले काम होते विहीर खणण्याचे, कारण पाण्यावाचून त्या जमिनीत काहीच होणार नव्हते. विहिरीला पाणी लागले, मग भाजीपाला आला, धान्य आले.

आणि मग खरी अडचण उभी राहिली. कुष्ठरोग्यांच्या हाताची भाजी वरोऱ्याच्या लोकांना नको होती. माल चांगला असूनही घेणारा नव्हता. पहिल्या तीन-चार वर्षांतच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे अनेक देशांतील तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले. (ही संस्था स्विस अभियंता पिएर सेरेसोल यांनी पहिल्या महायुद्धानंतर काढली, १९३४ च्या भूकंपानंतर ते स्वतः बिहारमध्ये येऊन राबले होते.) या तरुणांनी तेथे राहून दवाखान्याच्या इमारती बांधल्या. ते आनंदवनातील अन्न खात, तेथील दूध पीत. गावकरी हे पाहत होते. परदेशातून आलेली धडधाकट मुले हीच भाजी खातात आणि त्यांना काही होत नाही, हे दिसल्यावर गावाची भीती ओसरली आणि आनंदवनाचा माल विकला जाऊ लागला.

बंधुभगिनींनो, या घटनेकडे जरा थांबून पाहा. त्या तरुणांनी इमारती बांधल्या, हे उपकार खरेच. पण त्यांच्या ताटातील भाजीने जे केले ते विटांनी केले नसते. बाबा आमटे दानापेक्षा कामाला मोठे मानत. दानाने माणूस खचतो, कामाने उभा राहतो, असे ते वारंवार सांगत. त्याला जोडूनच हेही म्हणावे लागेल की, काम उभे राहते ते दुसऱ्या टोकाला कुणीतरी विकत घेणारा असल्यामुळे. पुढे १९८३ मध्ये त्यांना डेमियन-डटन पुरस्कार मिळाला. तो ज्यांच्या नावाचा आहे, त्या मोलोकाई बेटावरच्या संत डेमियन यांनीही कुष्ठरोग्यांबरोबर घरे बांधली आणि शेती पिकवली. त्यांना २००९ मध्ये संतपद घोषित झाले.

आता आपल्या लहानशा बागेकडे येऊ.

मतिमंद व्यक्तीला बागकाम का जमते? कारण त्यात एक मोठे काम लहान लहान पायऱ्यांत मोडता येते आणि प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसते. एकाने ट्रेच्या कप्प्यांत माती भरायची, दुसऱ्याने बोटाने खड्डा करायचा, तिसऱ्याने एकेक बी टाकायचे. अंतर मोजता येत नसेल तर दोरीला हातहातावर गाठी मारून द्याव्यात. जिथे गाठ तिथे रोप. झारी अर्धीच भरावी, म्हणजे उचलणाऱ्याचा तोल जात नाही. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्यासाठी वाफा जमिनीवर न करता अडीच फूट उंचीवर बांधावा, आणि तो इतकाच रुंद असावा की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचेल. ज्यांच्या हातांची संवेदना गेली आहे, त्यांच्या अवजारांच्या मुठींना जाड कापड गुंडाळावे आणि संध्याकाळी त्यांचे हात तपासावेत. त्यांना फोड आलेला कळत नाही, आणि दुर्लक्षित फोडातूनच बोटे जातात.

काही गोष्टींत मात्र ढिलाई चालत नाही. मतिमंद व्यक्तींमध्ये फीट येण्याचे प्रमाण बरेच असते. अशा व्यक्तीला विहीर, हौद किंवा पाण्याच्या टाकीजवळ कधीही एकटे सोडू नये. मानसिक आजारावरच्या काही औषधांनी ऊन बाधते, म्हणून डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातला काम सुरू करून दहाच्या आत संपवलेले बरे. धनुर्वाताचे इंजेक्शन प्रत्येकाला दिलेले असावे. विषारी फवारणी तर नकोच, कारण हात तोंडात घालण्याची सवय अनेकांना असते. कुंपणाला कण्हेर लावू नये. आपल्या रस्त्यांच्या दुभाजकांत ती इतकी फुललेली दिसते की ती विषारी आहे हे आपण विसरूनच जातो.

संस्था म्हणजे कागदपत्रेही आली. हा भाग रुक्ष आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सोसायटी म्हणून नोंदणी करायची तर किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. याच कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार एकवीस केले आणि कुष्ठरोगातून बरे झालेल्यांची आधीपासूनची जागा त्यात कायम ठेवली. पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असल्यास राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. जिल्हाधिकारी त्या समितीवर असतात. बँकेच्या आणि मिळकतीच्या कामांत त्याचा उपयोग होतो. हा अर्ज संस्था निघेपर्यंत थांबवून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

पैशाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. भाजी विकून संस्थेचा सगळा खर्च निघेल, अशी आशा कुणी धरू नये. काळजी घेणाऱ्या माणसांचा पगार हा सर्वांत मोठा खर्च असतो, आणि तो मेथीच्या जुडीतून निघत नाही. तो देणग्यांतूनच भागवावा लागतो. म्हणून दोन हिशेब वेगळे ठेवावेत, असे माझे मत आहे. देणगीतून देखरेख, आणि विक्रीतून आलेला पैसा मात्र बागेत राबणाऱ्यांच्या हातात. रक्कम लहान असेल. तरी महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, पाकिटात, त्याच्या नावाने ती मिळाली पाहिजे. घरी जाऊन धाकट्या बहिणीला वीस रुपये देणारा भाऊ आणि सदैव घेणारा भाऊ, यांत फार अंतर आहे.

आपल्या भागात कारखाने भरपूर, त्यामुळे कंपन्यांच्या सामाजिक निधीकडे सगळ्यांचे डोळे लागतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. हा निधी मिळाला तर घ्यावा. वाफे, पाण्याची टाकी, शेडनेट यांसाठी तो योग्यच आहे. पण निधी वर्षावर्षाने ठरतो, आणि साहेब बदलला की कधीकधी तोही बदलतो. त्याच्या भरवशावर माणसे नेमू नयेत. वर्षातून एकदा टी-शर्ट घालून येणारे, पन्नास रोपे लावून फोटो काढून जाणारे पाहुणे हाही एक प्रकार आहे. त्यांचे मन चांगले असते, यात शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी ती रोपे सरळ करण्यात बागेतल्यांची सकाळ जाते, आणि त्यांच्या कामाचे मालक आपण नाही हेही त्यांना कळते. त्या पाहुण्यांना हात जोडून म्हणावे, झाडे आमची मुले लावतील, तुम्ही कंपनीच्या कँटीनला आमची कोथिंबीर घ्या.

चाकण, भोसरी, चिंचवड येथील मजूर अड्ड्यांवर सकाळी उभी असलेली माणसे आपण रोज पाहतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात संध्याकाळपर्यंत तसेच उभे राहिलेले मजूर मालकाला सांगतात की, आम्हाला कुणी कामावरच घेतले नाही. प्रवचनांत आपण मालकाच्या उदारपणाबद्दल ऐकतो. पण त्या उत्तराकडेही लक्ष द्यावे. त्या माणसांनी दिवसभर भीक मागितली नव्हती. ते कामासाठी उभे होते.

तेव्हा आपल्या धर्मग्रामाने आधी देणगीची यादी करावी की घेणाऱ्यांची? माझ्या मते घेणाऱ्यांची. समजा, आपल्यातील ऐंशी कुटुंबांनी ठरवले की रविवारच्या मिस्सानंतर प्रत्येकी दोन जुड्या पालेभाजी बाजारभावानेच घ्यायची, दया म्हणून जास्त द्यायचे नाही आणि घासाघीसही करायची नाही. म्हणजे आठवड्याला एकशेसाठ जुड्या झाल्या. मेथी पेरल्यापासून साधारण चार आठवड्यांत काढायला येते. चार वाफे केले आणि दर आठवड्याला एक पेरला, तर दर रविवारी एक वाफा तयार होतो. शनिवारी सकाळी उपटणे, मुळे धुणे, जुड्या बांधणे, ओल्या गोणपाटात ठेवणे, ही आठ-दहा जणांची कामे झाली. ती न चुकता दर शनिवारी करावी लागतील, कारण रविवारी ऐंशी घरे पिशवी घेऊन उभी असतील. जुडी कधी लहान होईल, कधी पानाला भोक पडलेले असेल. फवारणी नाही म्हटल्यावर भोक असणारच.

पावसाळ्यात जास्त पाण्याने मेथी कुजते, उन्हाळ्यात ती नीट वाढत नाही. तेव्हा अंबाडी, तांदुळजा, चवळी घ्यावी लागेल. जुलैअखेर झेंडूची रोपे लावली तर दसऱ्याला फुले मिळतात, आणि त्या आठवड्यात झेंडूला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. नाताळासाठी कुंड्यांतली फुलझाडे ऑक्टोबरपासून तयार करता येतील. मे महिना मात्र कठीण. सुट्टीसाठी निम्मी कुटुंबे गावी गेलेली असतात आणि बागेला पाणी सर्वांत जास्त लागते. त्या महिन्यात इथे राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांच्याही दोन जुड्या घ्याव्या लागतील, हे आधीच यादीत लिहून ठेवलेले बरे.