वेतनाची अपेक्षा : केव्हा सांगावी, कशी सांगावी

औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात किंवा किनाऱ्यावरील हॉटेलात मुलाखतीस गेलेल्या उमेदवारास शिक्षण व अनुभव यांविषयीचे प्रश्न संपल्यावर बहुधा एक प्रश्न विचारला जातो : "तुमची पगाराची अपेक्षा किती?" यंत्राविषयीच्या प्रश्नांची उत्तरे न अडखळता देणारा तरुण नेमका येथे थबकतो. आकडा मोठा सांगावा तर नोकरी हातची जाईल अशी भीती. लहान सांगावा तर पुढे पश्चात्ताप. पुष्कळदा "आपण द्याल ते" असे म्हणून तो मोकळा होतो. हे उत्तर नम्र असले तरी हिताचे नाही. ते का, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्नाचे मूळ

शासकीय नोकरीत हा प्रश्न उद्भवत नाही. पदाची वेतनश्रेणी जाहिरातीतच छापलेली असते आणि ती सर्वांना सारखी लागू होते. गावातील पालक व शिक्षक यांचा अनुभव प्रायः अशाच नोकऱ्यांचा असल्याने खाजगी नोकरीस निघालेल्या मुलास या बाबतीत सल्ला देणारे घरात कोणी नसते. खाजगी संस्थेने मात्र प्रत्येक पदासाठी किमान व कमाल रक्कम बहुधा आधीच ठरविलेली असते. ती मुलाखत घेणाऱ्यास ठाऊक असते, उमेदवारास नसते. त्यातच घरची निकड असली, म्हणजे "गरजवंताला अक्कल नसते" या म्हणीचा प्रत्यय येतो.

आरंभीचा लहान फरक लहान राहत नाही, हेही ध्यानी घ्यावे. समजा, एका उमेदवाराने दरमहा २,००० रुपये कमी मागितले आणि पुढे दरवर्षी ८ टक्के वेतनवाढ मिळत गेली. वाढ मूळ रकमेवर मोजली जात असल्याने फरकही त्याच प्रमाणात वाढतो आणि १० वर्षांत एकूण नुकसान सुमारे ३ लाख ४८ हजार रुपयांचे होते. दोन वाक्यांच्या घाईची ही किंमत आहे.

पहिल्या आकड्याचे वजन

आमोस ट्वर्स्की व डॅनियल काहनमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. लोकांसमोर अंकांचे एक चक्र फिरविण्यात आले व त्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के असावे, असे विचारण्यात आले. ज्यांच्यासमोर चक्र १० वर थांबले त्यांचा मध्यम अंदाज २५ होता. ज्यांच्यासमोर ६५ वर थांबले त्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता, तरी पहिल्या आकड्याने मनास ओढून नेले. वेतनाच्या बोलण्यातही असेच घडते. उमेदवाराने अज्ञानाने २०,००० म्हटले, तर पुढील सारे बोलणे त्या आकड्याभोवती फिरते. मालकाची तयारी २८,००० ची असली तरी ती प्रकट होण्याचे कारण उरत नाही.

सांगावे की न सांगावे

यावरून आकडा कधीच सांगू नये, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ज्यास त्या कामाचे चालू दर नीट ठाऊक आहेत त्याने प्रथम आकडा सांगणे लाभाचेही असते. कारण पहिल्या आकड्याचे वजन मग त्याच्या बाजूस पडते. ज्यास दर ठाऊक नाहीत त्याने प्रथम विचारावे. "या पदासाठी आपण कोणती वेतनमर्यादा ठरविली आहे, हे कळल्यास मला नेमके उत्तर देता येईल," असे सौम्य शब्दांत विचारण्यात उद्धटपणा नाही. पुन्हा आग्रह झाल्यास मौन न धरता, आधी चौकशी करून ठरविलेली मर्यादा सांगावी आणि तिचा खालचा आकडाही आपणास खरोखर परवडणारा असावा. तोच आकडा ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतो.

नोकरभरती करणारा मध्यस्थ कितीही आपुलकीने बोलला तरी त्याचा मोबदला सामान्यतः मालकाकडून येतो, याचे भान ठेवावे. मागील वेतनाविषयी मात्र असत्य बोलू नये. वेतनपत्रक व भविष्य निर्वाह निधीची नोंद यांवरून ते सहज उघड होते आणि मिळालेली नोकरीही जाऊ शकते. "मागील वेतन इतके होते, परंतु या कामाची जबाबदारी अधिक असल्याने माझी अपेक्षा इतकी आहे," असे सांगणे सत्यही आहे व योग्यही.

सांगितलेली रक्कम व हाती येणारी रक्कम

आकडा कोणत्या रकमेचा, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. समजा, संस्थेने वार्षिक ६,००,००० रुपये, म्हणजे मासिक ५०,००० रुपये देऊ केले. ही रक्कम म्हणजे संस्थेला येणारा एकूण खर्च होय. मूळ वेतन २५,००० धरल्यास मालकाचा १२ टक्के भविष्य निर्वाह निधी ३,०००, उपदानाची तरतूद सुमारे १,२०२ आणि वर्षअखेरच्या कामगिरी-भत्त्याचे, समजा, ५,००० रुपये तीतून वजा होतात. उरलेल्या ४०,७९८ रुपयांतून कामगाराचा स्वतःचा निधी ३,००० वजा जाता हाती ३७,७९८ रुपये येतात. ज्या राज्यांत व्यवसाय कर आहे तेथे तोही कापला जातो. निधी हा कामगाराचाच पैसा असला, तरी घरभाडे व किराणा भागतो तो हाती येणाऱ्या रकमेतूनच.

कायद्याचा आधार

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वेतन देऊ करण्यापूर्वी मागील वेतन विचारण्यास १ जुलै २०१८ पासून बंदी आहे. जुन्या वेतनावर नवे वेतन ठरविल्यास स्त्रियांवरील जुना अन्याय पुढे चालू राहतो, हे त्यामागील तत्त्व. आपल्या देशात अशी बंदी नाही. तथापि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ नुसार एकाच मालकाकडे समान कामासाठी स्त्री-पुरुष असा वेतनभेद करता येत नाही. त्याच दिवशी अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेने नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. तोंडी कबूल झालेली प्रत्येक रक्कम त्या पत्रात आली आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी पाहावे.

शिक्षकांस विनंती

दहावी-बारावीच्या तसेच औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या वर्गात एक तास या विषयास द्यावा. एका विद्यार्थ्यास मालक व दुसऱ्यास उमेदवार करून हे संभाषण मोठ्याने म्हणवून घ्यावे. मुलींना या सरावात अवश्य पुढे आणावे. वरील वजाबाकी फळ्यावर करून दाखवावी. गावातील जी मुले खाजगी नोकरीत स्थिरावली आहेत त्यांनी आपल्या पदाचे दर धाकट्यांना मोकळेपणाने सांगावेत; वेतनाची चर्चा घरातही न करण्याच्या आपल्या रीतीचा लाभ आजवर दुसऱ्याच पक्षास झाला आहे. आपल्या श्रमाचे मोल विचारपूर्वक सांगणे हा लोभ नव्हे. ते सांगण्याचे धैर्य मुलाखतीच्या खोलीत एकाएकी येत नाही. त्याची तयारी वर्गात व घरी व्हावयास हवी.