बेने इस्राएल लोक नित्य प्रार्थना कसे शिकले

वाचनाचे भाग : अनुवाद ६.४–९; ११.१३–२१, गणना १५.३७–४१, दानीएल ६.१०, मार्क १२.२८–३४.

उपदेशकांनीं वरील भाग मंडळीपुढें सावकाश वाचून मग हा पाठ घ्यावा. मार्काच्या बाराव्या अध्यायांत एक शास्त्री प्रभु येशूस विचारतो कीं, सर्व आज्ञांत पहिली कोणती? प्रभु उत्तर देतांना आरंभीं नवें कांहीं सांगत नाहीं. यहूदी मूल ज्या शब्दांनीं प्रार्थना शिकावयास लागतें, तेच शब्द तो प्रथम उच्चारितो. हे शब्द अनुवादाच्या सहाव्या अध्यायांतील असून त्यांतील पहिल्या हिब्रू शब्दावरून त्यांस ‘शेमा’, म्हणजे ‘ऐक’, असें नांव पडलें आहे. हा शेमा यहूदी लोक नित्य कसा म्हणतात, आणि तो म्हणावयास ते शिकतात तरी कसे, हा आजचा विषय होय.

परभणी, जिंतूर, गंगाखेड ह्या बाजूच्या खेड्यांतील वाचकांनीं यहूदी मनुष्य बहुधा पाहिलेला नसेल. त्यामुळें शास्त्रांत यहूद्यांविषयीं वाचतांना ते दूर देशचे व परक्या चालीरीतींचे लोक असेंच आपल्या मनांत येतें. परंतु ह्याच महाराष्ट्रांत, घरीं मराठीच बोलणारे यहूदी कोंकणांत शेंकडों वर्षें राहत आले आहेत. त्यांस बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाचे पुत्र, असें म्हणतात. हाताशीं ग्रंथ नाहीं, गांवांत वाचणारा नाहीं, शिकविणारा कधीं काळीं यावयाचा, ह्या ज्या अडचणी खेड्यांतील मंडळ्यांस ठाऊक आहेत, त्या सर्व ह्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या सोसिल्या. म्हणून त्यांचेंच उदाहरण येथें घेतलें आहे.

त्यांची परंपरा अशी आहे कीं, त्यांचे पूर्वज समुद्रमार्गें येत असतां अलिबागेजवळच्या नवगांवापाशीं त्यांचें तारूं फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि बरोबरचे सर्व ग्रंथ पाण्यांत गेले. त्यांची संतति पूर्वीच्या कुलाबा, आतांच्या रायगड, जिल्ह्यांत खेडोपाडीं पसरली व घाण्यावर तेल गाळूं लागली. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. ज्या गांवीं राहिले त्या गांवावरून त्यांस आडनांवें पडलीं : दिवेकर, राजपूरकर, केहीमकर, नवगांवकर. ऐकणारास हीं आडनांवें शेजारच्या कुणब्याचींच वाटावीं.

हिब्रू भाषा ते विसरले. सण राहिले, पण त्यांचीं नांवें मराठी झालीं : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. सुंता राहिली, शब्बाथ राहिला, निषिद्ध अन्न टाळणें राहिलें. आणि प्रार्थनेंत काय राहिलें? शेमाचें पहिलें वाक्य. परमेश्वर हाच आपला देव व तो एकच, हा त्याचा आशय. मूळ हिब्रूंत तें अवघ्या सहा शब्दांचें आहे. सुंतेच्या वेळीं, लग्नांत, मृतास पुरतांना, जेथें म्हणून देवाचें नांव घ्यावयाचें तेथें हे लोक तेच सहा शब्द म्हणत, कारण याहून अधिक त्यांस येतच नव्हतें. आपल्याकडील बायका जात्यावरच्या ओव्या पुस्तकावांचून आजीकडून नातीस देत आल्या, तसेच हे शब्द एका तोंडांतून दुसऱ्या तोंडांत गेले.

आतां ज्यास सर्व उपासना ठाऊक आहे अशा यहूद्याचा दिवस कसा जातो तें पाहूं, म्हणजे बेने इस्राएलांपाशीं किती होतें व किती नव्हतें हें कळेल.

यहूद्यांचा दिवस दिवेलागणीस सुरू होतो. म्हणून पहिली प्रार्थना सायंकाळची, दुसरी सकाळची, आणि तिसरी दुपार टळल्यावरची. दानीएल राजाज्ञा मोडून तीन वेळां गुडघे टेकीत असे, तें प्रसिद्धच आहे. पेत्र व योहान प्रार्थनेच्या वेळीं मंदिरांत गेले (प्रेषितांचीं कृत्यें ३.१), ती वेळही तिसऱ्या प्रहराचीच होती. शेमा मात्र दोनच वेळां म्हणतात, सायंकाळीं व सकाळीं. कारण निजतांना व उठतांना ह्या गोष्टी बोलाव्या अशी अनुवादांत आज्ञा आहे. पहिलें वाक्य म्हणतांना उजव्या हातानें डोळे झांकून घेतात, यासाठीं कीं मन दुसरीकडे धांवूं नये.

संपूर्ण शेमाचे तीन भाग आहेत. पहिल्यांत देवावर सर्व अंतःकरणानें प्रीति करणें व मुलांस हें शिकविणें. तिसऱ्यांत वस्त्राच्या टोंकांस गोंडे लावण्याची आज्ञा, कीं ते पाहून देवाच्या आज्ञांची आठवण व्हावी. मधला भाग मात्र शेतकऱ्यानें विशेष लक्ष देऊन वाचावा. त्यांत आगोटीच्या व वळवाच्या पावसाचें, धान्याचें, तेलाचें, गुरांच्या गवताचें वचन आहे. आणि लोक दुसऱ्या दैवतांकडे वळले तर आकाश बंद होईल असा इशारा आहे. ज्या घरांत १९७२ च्या दुष्काळाची आठवण आहे, त्या घरांत ह्या भागाचा अर्थ फोडून सांगावा लागणार नाहीं. येथें एक नवल सांगण्यासारखें आहे. पलेस्तिनांत पाऊस हिवाळ्यांत पडतो. म्हणून यहूदी लोक आपल्या उभ्या प्रार्थनेंत पावसाचा उल्लेख आश्विन-कार्तिकापासून चैत्रापर्यंत करितात, मग ते कोणत्याही देशांत असोत. त्या दिवसांत कोंकणांत भाताची कापणी व झोडणी चाललेली असते, आणि पाऊस आलाच तर तो नुकसान करावयाचा! तरी कोंकणांतला यहूदीही ह्याच दिवसांत पावसाचे शब्द म्हणतो. वडिलांचा देश तो अशा रीतीनें प्रार्थनेंत वागवितो.

शेमानंतर ती उभी प्रार्थना. येरूशलेमेकडे तोंड करून, म्हणजे आपल्या देशांत पश्चिमेकडे, पाय जुळवून, ती मंद आवाजांत म्हणतात. ओंठ हलावे पण शेजाऱ्यास ऐकूं जाऊं नये, हा नियम शमुवेलाची आई हन्ना हिच्या प्रार्थनेवरून घेतला आहे. तिला ‘अठरा’ म्हणतात, जरी आतां तींत एकोणीस आशीर्वचनें आहेत. प्रथम स्तुति, मग मागणीं : बुद्धि, क्षमा, रोग्यांस आरोग्य, पिकाचें वर्ष, आणि शेवटीं उपकारस्तुति व शांति. शब्बाथाच्या दिवशीं मधलीं मागणीं गाळितात. त्या दिवशीं स्वतःच्या गरजांचें गाऱ्हाणें देवापुढें मांडावयाचें नसतें. आठवड्याच्या इतर दिवशीं सकाळीं पुरुष डाव्या हातावर व कपाळाच्या वर चामड्याच्या लहान पेट्या वादीनें बांधितात. त्यांत शास्त्रवचनें लिहिलेलीं चर्मपत्रें असतात. मनुष्य एकटाही प्रार्थना करूं शकतो, पण उपासनेचे कांहीं भाग म्हणावयास निदान दहा पुरुष लागतात.

एवढ्या सगळ्या उपासनेंतून बेने इस्राएलांपाशीं पहिलें वाक्य तेवढें होतें.

त्यांस पुढचें शिकविणारा पहिला पुरुष दावीद राहबी, असें ते सांगतात. हा कोचीनचा यहूदी. तो केव्हां आला याविषयीं मतभेद आहे; कोणी कित्येक शतकें मागें नेतात, तर कोणी अठराव्या शतकांतील कोचीनच्या राहबी घराण्यांतला म्हणतात. हे लोक यहूदी आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं त्यानें त्यांच्या स्त्रियांस निरनिराळे मासे शिजवावयास दिले. त्यांनीं पर व खवले असलेले निवडून घेतले व बाकीचे दूर सारले. ही गोष्ट वारंवार सांगण्यांत येते, आणि तींत स्त्रियांचा मान आहे तो योग्यच आहे. पुरुषांनीं जें तोंडपाठ ठेविलें तें स्त्रियांनीं चुलीपाशीं ठेविलें. परंतु आमच्या मतें माशांपेक्षां मोठी साक्ष त्या सहा शब्दांची होय. राहबीनें तीन पुरुष निवडून त्यांस हिब्रू व विधि शिकविले. झिराडकर, शापूरकर व राजपूरकर ह्या घराण्यांतले ते तिघे काजी झाले, आणि त्यांच्या मागें त्यांचे वंशज गांवोगांव फिरून विधि चालवूं लागले. सर्वांस एकदम शिकविण्याचा यत्न त्यानें केला नाहीं, ही गोष्ट उपदेशकांनीं ध्यानांत घ्यावी.

नित्य प्रार्थनेस वेळ लागते तशी जागाही लागते. इ. स. १७९६ मध्यें सामाजी हसाजी दिवेकर, ज्यांचें हिब्रू पद्धतीचें नांव शमुवेल यहेज्केल, यांनीं मुंबईंत बेने इस्राएलांचें पहिलें सभास्थान बांधिलें. ते कंपनी सरकारच्या सैन्यांत हुद्देदार असून म्हैसूरच्या लढाईंत टिपूच्या कैदेंत सांपडले होते. सुटकेबद्दल कृतज्ञता म्हणून हें सभास्थान उभारिलें असें सांगतात. त्याचें नांव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचें द्वार. बेने इस्राएल लोक सभास्थानास मराठींत ‘मशीद’ म्हणत. अलिबागेस इस्राएल आळींत १८४८ मध्यें सभास्थान झालें.

जागा झाली, तरी प्रार्थना चालविणारे पाहिजेत. ते पुनः कोचीनहूनच आले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील यहूदी शिक्षक मुंबईंत व कोंकणांत येऊन हिब्रू वाचन व उपासनेच्या चाली शिकवूं लागले. हिब्रू अक्षरें उर्दूप्रमाणें उजवीकडून डावीकडे जातात, आणि स्वरांचीं चिन्हें बहुतेक अक्षरांखालीं असतात. ज्यांच्या घरीं निजामी अमदानीचे उर्दू कागद अजून पेटींत आहेत, त्यांस हें वळण कसें दिसतें याची कल्पना येईल. शिकणारानें आधीं अक्षर, मग अक्षराखालचा स्वर, मग शब्द, आणि मग चाल असें जावयाचें. अर्थ सर्वांच्या शेवटीं.

येथें आपल्या मिशनांचा संबंध येतो. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्यें मुंबईस आले. त्यांच्या मराठी शाळांत बेने इस्राएल मुलें शिकत आणि बेने इस्राएल शिक्षक शिकवीत. स्कॉटलंडचे डॉक्टर जॉन विल्सन १८२९ मध्यें आले, आणि १८३२ मध्यें त्यांनीं मराठींत हिब्रू भाषेचें व्याकरण ह्याच लोकांसाठीं प्रसिद्ध केलें. मराठी जुना करार हातीं आल्यावर ज्यांस आपल्या पूर्वजांचा इतिहास कीर्तनकाराच्या कथेइतकाही ठाऊक नव्हता, ते तो आपल्या भाषेंत वाचूं लागले. अशा शिक्षणानें हे लोक ख्रिस्ताकडे येतील अशी मिशनऱ्यांची आशा होती. ती बहुतेक फळली नाहीं. ख्रिस्ती झाले ते फार थोडे. बाकीचे शिकलेल्या हिब्रूच्या बळावर आपल्या वडिलांच्या उपासनेंत अधिक दृढ झाले. हें झांकून ठेवण्याचें कांहीं कारण दिसत नाहीं. त्यांच्या इतिहासकारानेंही मिशनऱ्यांचें हें ऋण मोकळेपणानें मान्य केलें आहे. अक्षरज्ञान देणारानें तें कोणत्या वाटेनें जाईल याचा करार करून देऊं नये, असें आम्हांस वाटतें.

तो इतिहासकार म्हणजे हाईम शमुवेल केहीमकर. त्यांनीं १८७५ मध्यें मुंबईंत इस्राएली मुलांसाठीं शाळा स्थापिली, तींत मराठी, इंग्रजी व हिब्रू तिन्ही भाषा शिकवीत. त्यांचा ग्रंथ १८९७ मध्यें लिहून झाला, पण १९३७ पर्यंत छापला गेला नाहीं. प्रार्थनेच्या दृष्टीनें त्यांच्याहूनही महत्त्वाचें नांव योसेफ यहेज्केल राजपूरकर यांचें होय (१८३४–१९०५). डेविड ससून यांच्या नांवच्या शाळेंत ते मुख्याध्यापक होते व मुंबई विद्यापीठांत हिब्रूचे परीक्षक. त्यांनीं हिब्रू उपासनेचीं सुमारें वीस पुस्तकें मराठींत आणिलीं. त्यामुळें आजोबा जें न समजतां म्हणत, तें नातू समजून म्हणूं लागला. सुमारें १८८० पासून तर हे लोक जुन्या करारांतील चरित्रांवर मराठी कीर्तनेंही करूं लागले, टाळांच्या साथीनें!

मग समजल्याशिवाय म्हटलेले ते सहा शब्द व्यर्थ होते काय? सुशिक्षित तरुण हा प्रश्न करितात, आणि आपल्या मंडळींतही एखादी वृद्ध बाई प्रभूची प्रार्थना चुकत माकत म्हणते तेव्हां कोणी हंसतो. यहूद्यांचे जुने शास्त्री याविषयीं उदार होते : शेमा मनुष्यानें आपणांस समजेल त्या भाषेंत म्हणावा, अशी त्यांची स्पष्ट मोकळीक आहे. तथापि बेने इस्राएलांनीं हिब्रू शब्द सोडले नाहींत. म्हणणें हिब्रूंत ठेविलें व समजणें मराठींत. ते सहा शब्द कोणी ‘निरर्थक’ म्हणून टाकून दिले असते, तर राहबीस शिकविण्यास धागाच सांपडला नसता. पण तेवढ्यावरच समाधान मानून बसते, तर राजपूरकरांचीं पुस्तकेंही कोणी विकत घेतलीं नसतीं. पाठ करणें व समजणें यांत पाठ करणें आधीं येतें, इतकेंच आमचें म्हणणें. उपदेशकानें नव्या कुटुंबास दहा पानांची उपासना देण्यापेक्षां एक वाक्य द्यावें, दिवसांतील दोन वेळा नेमून द्याव्या, आणि पुढच्या फेरींत तेंच वाक्य लहान मुलाच्या तोंडून ऐकावें. आईबापांनीं काय ऐकिलें याची परीक्षा मुलाच्या तोंडीं होते. अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत शिकविण्याची आज्ञा आईबापांसच आहे, याजकांस नव्हे.

१९४८ मध्यें इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यापासून बेने इस्राएलांपैकीं बहुतेक तिकडे गेले. महाराष्ट्रांत आतां कांहीं हजारच उरले असून राज्य सरकारनें २०१६ मध्यें यहूद्यांस अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली. कोंकणांतील जुन्या सभास्थानांत दहा पुरुष जमविणें कित्येकदां कठीण जातें. दहा नसले तर जे आले असतील ते, ज्या भागास दहा लागतात तो भाग गाळून, बाकीची प्रार्थना म्हणतात. शेमास दहांची गरज नाहीं.

विचारावयाचे प्रश्न : शेमाच्या मधल्या भागांत शेतकऱ्यास कोणतें वचन व कोणता इशारा आहे? प्रार्थनेच्या तीन वेळा कोणत्या, आणि शेमा दोनच वेळां कां? राहबीनें तिघांसच कां निवडिलें असावें? आपल्या घरांत प्रार्थनेचें कोणतें वाक्य सर्वांत लहान मुलास येतें, आणि तें त्याला कोणीं शिकविलें?